हात न लावलेला फोटो

९ जानेवारी

प्रिय फोटोमास्तर,

ख्यालीखुशाली नंतर, आधी काम. पोचले. गाडीत बसून बसून पाठीचा पार आकडा झालाय, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.

फोन सोडून पत्र का, तर तुमच्या घरात फोन एकच आणि तो धाकटीच्या उशाशी. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलते. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. तिथेच वाचा, आणि मनातल्या मनात वाचा. तुमच्या दुकानात शिंकलं तरी लाकडी माळ्यातून वर तिला ऐकू जातं.

डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघांनी ऐकलंय. धाकटीच्या पित्ताच्या नळीतली गाठ अजून काढण्याजोगी आहे, मार्च संपेपर्यंत. त्यानंतर ते पोट उघडायला तयार नाहीत. आणि डिपॉझिट भरल्याशिवाय हॉस्पिटल तारीख देत नाही. तुमची शिल्लक, माझी शिल्लक, माझं होतं नव्हतं ते सोनं, सगळं एकत्र केलं तरी आपण अर्ध्यावरसुद्धा पोचत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तेव्हा मागायचं. लोकांकडे. धाकटी म्हणाली होती, "मेले तरी चालेल, पण माझ्या नावानं झोळी फिरवायची नाही." म्हणू दे. लहानपणापासून ती काय काय म्हणत आली आहे.

आमच्या शिलाई कारखान्यात प्रत्येक बाईचे मोबाईलवर चार-चार ग्रुप आहेत. शिवाय छापील आवाहन करू, औषधांच्या दुकानांत आणि आम्ही जिथे गणवेश देतो त्या शाळांच्या फाटकांवर लावू. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातील. फक्त फोटो हवा. फोटो नसला तर लोक खिशात हात घालत नाहीत, असं आमची काजंबटणवाली सांगते, आणि तिनं भाच्यासाठी हे सगळं केलेलं आहे. तेव्हा धाकटीचा एक फोटो काढून पाठवा. आज दिसते तसा. तिला कारण काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. अख्ख्या गावाला हसवून फोटो काढता, बायकोला एक थाप मारता येणार नाही?

तुमची ताई


१५ जानेवारी

आदरणीय ताई,

फोटो सोबत आहे. हॉस्पिटलच्या कार्डाला लागतो, अशी थाप मारली. पचली असं वाटतं.

खाली यायला तिला फार वेळ लागला. जिन्यात मध्येच बसली. उचलून आणतो म्हटलं तर म्हणाली, "गिऱ्हाइकं बघतील आणि म्हणतील, मास्तरांनी पोतं आणलं." स्टुलावर बसली आणि वरून निळी शाल मागवली. मी गिऱ्हाइकांना जे सांगतो, हनुवटी जरा खाली, खांदे सैल, श्वास सोडा, ते माझ्याआधी तीच म्हणाली. मग एवढ्यानंच थकून डोळे मिटले. उघडेपर्यंत मी थांबलो.

ताई, मागणं मला जमत नाही. गिऱ्हाइकांकडे राहिलेले पैसेसुद्धा मी मागत नाही. कुणी न देता निघालं की ती वरून जमिनीवर काठी आपटते आणि मग माणूस आपोआप मागे फिरतो. हल्ली काठीचा आवाज येत नाही. परवा एकजण तसाच गेला आणि मी वर बघत राहिलो.

तुम्ही करताय ते मला सात जन्मांत जमलं नसतं. जे येईल ते येवो.

आपला,
फोटोमास्तर


२७ जानेवारी

प्रिय फोटोमास्तर,

तुमचा फोटो छापला, वाटला, चिकटवला. आता त्याची फळं ऐका.

औषधवाला चष्मा वर करून म्हणाला, "यातली पेशंट कोण?" यातली म्हणजे काय? एकच तर बाई आहे. कारखान्याचे मालक म्हणाले, "कुणाला स्थळ बघताय का?" आमच्या सुपरवायझरबाईंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा तुमचाच फोटो लावा, आठवड्यात पैसे जमतील." कटिंगचं सगळं टेबल हसलं. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की हल्ली फसवाफसवी फार चालते आणि ही बाई तर चांगली ठणठणीत दिसते. झालं. एकानं लिहिलं की बाकीच्यांना आयतं निमित्त. जे काही आलंय ते आमच्या टेबलावरच्या बायकांचं, ज्यांचं स्वतःचंच भागत नाही.

म्हणून मी फोटो खिडकीशी नेऊन नीट बघितला. मास्तर, मी तिला नुकतीच भेटून आले आहे. तिचे डोळे हळदीसारखे झालेत. या फोटोत ते दुधासारखे पांढरे. गाल भरलेले. मानेवरची ती वर आलेली शीर कुठे गेली? ओठांना रंग कुठून आला? काय केलंत ते खरं सांगा. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशानं कोण ताक घालणार आपल्याला?

ताई


२ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

चोरी पकडलीत. पण मी ठरवून केली नव्हती.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पासपोर्टची चौकशी करत होतं. मी त्याच्याशी बोलत होतो आणि इकडे हात आपलं काम करत होता. तो गेल्यावर नीट बघितलं, तर समोर ती बरी झालेली. मग मला तिला पुन्हा आजारी करता आलं नाही.

तुम्हाला धंद्यातली गोष्ट सांगतो. माझे वडील हेच काम करायचे, तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिलीनं. त्यांनी मला एकच शिकवलं. चेहऱ्यावर जे जन्मापासून आहे त्याला हात लावायचा नाही, आणि जे कालपरवा आलंय ते ठेवायचं नाही. तीळ ठेवायचा, पुटकुळी काढायची. जन्मखूण ठेवायची, रात्रीच्या जागरणाची काळी वर्तुळं काढायची. पिवळेपणा तर आमच्यात चेहऱ्याचा धरतच नाहीत, तो दिव्याचा दोष. तो सगळ्यात आधी काढायचा. या दुकानातून आजवर एकही चेहरा हात न लावता बाहेर गेलेला नाही. तिचा तरी कसा जाईल?

पण तुमचं म्हणणं खरं आहे. दुसरा फोटो सोबत पाठवतो. पहिला कार्डावर नीट बसला नाही असं तिला सांगितलं. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. शपथेवर सांगतो, या फोटोवर कॉम्प्युटर चालवलेला नाही.

आपला,
फोटोमास्तर


११ फेब्रुवारी

मास्तर,

कॉम्प्युटर चालवला नाहीत. मग दिवे कुणी लावले?

माझा जन्म कापड शिवण्यात गेलाय. कुठे चुणी घातली की पोट झाकतं आणि कुठे कापड सोडलं की खांदा भरलेला दिसतो, हे मला शिकवू नका. अर्धा चेहरा सावलीत, मागे गुलाबी पडदा, त्याचा रंग गालावर आलेला, शाल पार हनुवटीपर्यंत. हा फोटो मी लावलेलासुद्धा नाही. परत एकदा स्थळ समजायचे.

काल हॉस्पिटलच्या पैशाच्या खिडकीवर फोन केला होता. माणूस वाईट नाही. "आम्हालाही वाईट वाटतं बाई," म्हणाला. पण डिपॉझिटचा शब्द निघाला की त्याचं एकच उत्तर. फेब्रुवारी अर्ध्यावर आला. सर्जनची मार्चची यादी भरत चालली आहे.

मी दमले हो. दिवसभर कॉलरी शिवायच्या आणि संध्याकाळी लोकांचे जिने चढायचे. दार उघडलं की काय म्हणायचं ते इतकं पाठ झालंय की माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलंय. परवा एका दारात मी मधलं वाक्य विसरले, तर आतली बाई म्हणाली, "नीट आठवून या." आणि दार लावून घेतलं. मी तिथेच पायरीवर बसले. रागसुद्धा आला नाही, एवढी दमले होते.

एकच विचारते. तुम्हाला बायको देखणी हवी की जिवंत? देखणी मेली तर तो फोटो काय गळ्यात बांधून फिरणार आहात? हे लिहिलं म्हणून रागावू नका. नाहीतर रागवा, पण फोटो पाठवा.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

दचकलीस ना माझं अक्षर बघून?

मास्तर रिपोर्ट आणायला गेले होते. मी खाली उतरत होते, म्हणजे शेवटच्या पायरीवर बसून दम खात होते, आणि पोस्टमननं तुझं पाकीट माझ्याच हातात दिलं. नाव त्यांचं, अक्षर तुझं. फोडलं. मग गल्ल्याखाली आधीची सापडली, तीही वाचली. हॉस्पिटलच्या कार्डाला गुलाबी पडदा आणि शाल लागत नाही, एवढं मला कळत होतं गं. म्हटलं, बघू तरी हे दोन शहाणे मिळून काय दिवे लावतात. लावलेत ते दिसलेच.

आधी तुमचा दोघांचा संताप आला. झोळी नको म्हटलं होतं मी. उठून भांडावं म्हटलं तर उठता येईना, त्यामुळे तू वाचलीस. मग तुझं ते वाक्य पुन्हा वाचलं. देखणी की जिवंत. हे तू त्यांना काय विचारतेस? मला विचार ना. मला जगायचंय, ताई. फार जगायचंय. झोळी नको म्हणाले तेव्हा मला वाटत होतं, आठ दिवस पथ्य केलं की उतरेल हे. आता उतरणार नाही ते मला कळलंय. तेव्हा लाज गेली खड्ड्यात.

हे परत आले तेव्हा मी स्टुलावर बसले होते. म्हटलं, काढा. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. "हनुवटी," म्हणाले, आणि पुढे बोलेनातच. कॅमेऱ्यामागे माणूस रडतोय आणि समोर मी हनुवटी खाली घालून बसले आहे, असा आमचा संसार. शेवटी म्हटलं, बाजूला व्हा. एवढी वर्षं या दुकानात मी काय नुसती काठी आपटली? दिवे बंद केले. खिडकी उघडली. शाल काढून ठेवली. टायमर लावला आणि जाऊन बसले. डोळे चांगले मोठे केले, पिवळं दिसावं म्हणून. प्रिंटही मीच काढला, यांना कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. पाकीट मी डकवलंय.

लाव जिथे लावायचा तिथे. अगदी बसच्या पाठीवर लावलास तरी चालेल.

तुझी धाकटी


२२ फेब्रुवारी

लाडके,

फोटो मिळाला. हिमतीची आहेस. लावला सगळीकडे. लोक विचारपूस करतात. अशा गोष्टींना जरा वेळ लागतो, तेव्हा रोज उठून मास्तरांना विचारत बसू नकोस. मशीनवर काम तुंबलंय म्हणून एवढंच. वेळेवर जेव, आणि न जेवता जेवले म्हणू नकोस.

ताई


३ मार्च

आदरणीय ताई,

तुमच्या पत्रानंतर आम्ही वाट बघितली. मग तिनंच हॉस्पिटलच्या खिडकीवर फोन लावला. त्यांनी सांगितलं, गेल्या पंधरवड्यात खात्यात काही आलेलं नाही.

मला वाटलं ती चिडेल, तुम्हाला दोन शब्द सुनावेल. तसं काही झालं नाही. फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "बघितलं असेल लोकांनी, आणि पुढे गेले असतील." तेव्हापासून ती बोलतच नाही. विचारलं तर हो किंवा नाही. ताई, दुखत असताना बोलायची, उलट्या होत असताना बोलायची. ती गप्प बसली की घर कसं होतं ते मला माहीतच नव्हतं. काल गिऱ्हाईक नसताना मी उगाच खुर्च्या सरकवल्या, वरून काहीतरी बोलेल म्हणून.

डॉक्टर म्हणतात, महिना संपायच्या आत. तुमच्या तिकडे कुठे कुठे लावलाय तो फोटो? लोक नेमकं काय म्हणतात? वाईट असेल तरी लिहा. मी तिला वाचून दाखवणार नाही.

फोटोमास्तर


६ मार्च

मास्तर,

कुठेही लावलेला नाही. कुणीही बघितलेला नाही. तो फोटो माझ्या पिशवीत आहे, डब्याच्या खाली, तुमच्या पाकिटातच.

पाकीट मी कारखान्यात उघडलं होतं, कटिंगच्या टेबलाशी. काजंबटणवालीनं विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "नाही, लाईटबिल आहे." कसं म्हटलं मला ठाऊक नाही. त्या दिवशी छापखान्यापर्यंत गेले. त्यानं हात पुढे केला आणि मी त्याच्याकडून कोरे कागद विकत घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा कागद. घरात आता कोऱ्या कागदांचा गठ्ठा आहे.

तुम्ही म्हणाल, तुम्ही तर तिला बघून गेला होतात. बघितलं होतं. पण समोर असते तेव्हा ती बोलत असते हो. माझ्या चपलांना हसते, तुमच्या टकलाला हसते, डॉक्टरांची नक्कल करते. तिच्या बोलण्यापुढे तिचा चेहरा दिसतच नाही. फोटोत ती गप्प आहे. गप्प बसलेली धाकटी मी पहिल्यांदाच बघितली आणि मला कळलं की ती मरते आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यावरून उतरता उतरता हिशेब करत होते.

ते औषधवाल्याच्या काचेवर, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी लावायचं? येणारेजाणारे सुटे पैसे मोजता मोजता तिच्याकडे बघणार? मला जमलं नाही. तुम्हाला देखणी की जिवंत विचारणारी मी, आणि माझ्याच हाताला ते जमलं नाही. आणि त्यापायी तिला वाटतंय की लोकांनी तिचा चेहरा बघून तोंड फिरवलं. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला आधी हे सांगा. आत्ता, पत्र खाली ठेवायच्या आत. वर जा आणि सांगा, कुणी बघितलंच नाही.

उद्या लावते. खरंच लावते. पण मी हे याआधीही रोज स्वतःला सांगितलं आहे.

ताई


१७ मार्च

आदरणीय ताई,

पत्र हातात घेऊनच वर गेलो आणि सांगितलं. ती उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, "लाईटबिल म्हणाली? मला? लाईटबिल?" आणि हसायला लागली. हसता हसता खोकला, खोकता खोकता रडणं, सगळं झालं. शेवटी म्हणाली, "वरून दगड आणि आतून लोणी निघाली आमची ताई." ती बोलली, ताई. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. ते काम माझं होतं, मी ते तुमच्या गळ्यात टाकलं होतं. परगावच्या लोकांत लावणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून.

आमच्या दुकानाची शोकेस तुम्ही बघितली आहे. एक नवरी, एक पालथं पडलेलं बाळ, शाळेच्या एका वर्गाचा फोटो. ते सगळं काढलं. तिला विचारलं, "तुझा लावू का?" म्हणाली, "शोकेसमध्ये? मग आधी काच पुसून घ्या." काच पुसली. तिनं काढलेला फोटो मोठा केला, एवढा मोठा मी नवरीचासुद्धा कधी केला नाही. कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा हात आपोआप डोळ्यांतला पिवळेपणा काढायला गेला. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. लहान पोरासारखा. मग तसाच छापला.

खाली हातानं लिहिलं. शब्द सुचत नव्हते, तेव्हा होतं तेच लिहिलं: ही माझी बायको. या फोटोला मी हात लावलेला नाही. हे मला दुरुस्त करता येत नाही, डॉक्टरांना येतं. पैसे कमी पडतात.

पहिल्या दिवशी कुणी आत आलं नाही. लोक थांबायचे, बघायचे, जायचे. एकजण म्हणाला, "मास्तर, असलं रस्त्यावर लावू नये, पोरं घाबरतात." मी काढणारच होतो. तेवढ्यात वरून काठी आपटली. एकदाच. तो गेला, फोटो राहिला.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. आता मोठी झाली आहे, बँकेत असते. शाळेत असताना तोंडभर पुटकुळ्या घेऊन यायची आणि मान वर करायची नाही. म्हणाली, "माझ्या चेहऱ्याचं तुम्ही काय केलं होतं, ते माझ्या आईलासुद्धा माहीत नाही." टेबलावर पाकीट ठेवलं आणि गेली. तिच्यामागून समोरचा न्हावी. मग ज्यांची लग्नं मी काढली ते. एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या बायकोचा शेवटचा फोटो माझ्याकडचा. अर्ध्या गावाचे डाग माझ्या हातून गेलेत, ताई, हे मला कधी सुचलंच नव्हतं. ज्यांच्याकडे आमची उधारी राहिली होती तेही आले, आणि या वेळी काठी आपटावी लागली नाही. सगळ्यांनी काच ओलांडून आत येताना तिच्याकडे बघितलं, आणि कुणी मान खाली घातली नाही.

डिपॉझिट काल भरलं. बाकीचं हप्त्यानं घ्यायला खिडकीवरचा माणूस तयार झालाय. ऑपरेशन महिनाअखेरीला आहे. तुम्ही या. ती म्हणते, येताना ताईला कोरे कागद आणायला सांगा, घरातले संपलेत.

आपला,
फोटोमास्तर


४ मे

आदरणीय ताई,

तुम्ही गेल्यावर आठवड्यानं हॉस्पिटलनं घरी सोडलं. टाके सुकले आहेत. जेवण अजून चिमणीएवढं. डॉक्टरांना विचारलं, गाठ पुन्हा येईल का, तर म्हणाले, सगळी काढली आहे, पण दर काही महिन्यांनी बघावं लागेल. एवढंच म्हणतात. मी पुन्हा पुन्हा विचारतो आणि ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणतात. हप्ते आहेत, गोळ्या आहेत, जिना आहे. थकवा इतका आहे की दोघं जेवायला बसतो आणि कुणी आधी उठायचं यावर वाद होतो.

पण पिवळेपणा उतरला. आधी गालांवरचा गेला, मग तळव्यांचा, डोळ्यांतला सगळ्यात शेवटी. रोज सकाळी खिडकीशी नेऊन बघत होतो. परवा बघितलं, डोळे पांढरे. मी काही केलं नव्हतं.

काल ती पहिल्यांदा रस्त्यावर उतरली. दुकानासमोर उभी राहून शोकेसमधल्या स्वतःकडे बघत राहिली. मी खुर्ची आणली, बसली नाही. शेजारून एक बाई चालली होती, ती एकदा फोटोकडे बघते, एकदा हिच्याकडे, आणि एकदम हिचा हातच धरला तिनं. ओळख ना पाळख. ती गेल्यावर ही मला म्हणाली, "काढा आता ते. मालकीणबाई परत आल्यात."

काढलं. वडिलांनी शिकवलंच होतं, कालपरवा आलेलं ठेवायचं नाही. शोकेस सध्या रिकामी आहे. नवरी परत लावायची माझी घाई नाही.

बाकी ती स्वतः लिहिणार म्हणते, म्हणून खाली जागा सोडतो.

आपला,
फोटोमास्तर

ताई, यांनी जागा सोडली ती एवढीशी. तुझ्या पिशवीतला फोटो फाडू नकोस, पण डब्याखालून तरी काढ, तेल लागेल त्याला. पुढची तपासणी होईल तेव्हा होईल आणि त्यात काय निघेल ते निघेल, आज मला त्याबद्दल बोलायचं नाही. सोबत नवा फोटो आहे. हात लावलेला आहे, मीच सांगितलं लावायला. सगळं केलं यांनी, फक्त कपाळावरच्या आठ्या काढा म्हटलं तर ऐकेनात. म्हणतात, त्या जन्मापासूनच्या आहेत. तू तर मला जन्मल्या दिवशी मांडीवर घेतलं होतंस. सांग बरं, खरं का गं?